कोशिंबिरीला पाणी का सुटतं, आणि काकडी नेमकी केवढी चिरायची?

प्रश्न असा आलाय: घरात चौघं, त्यातल्या दोघांचा डबा. रोज काहीतरी कच्चं, ताजं पोटात जावं म्हणून काकडी, गाजर, टोमॅटो, कांदा चौकोनी बारीक चिरते. त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात, फोडी लहानमोठ्या होतात आणि दुपारी डबा उघडला की तळाशी पाणी. रात्री चिरून ठेवावं तर सासूबाई म्हणतात सत्त्व जातं. जाळीचा डायसर घ्यावा का? की सरळ सगळं किसून टाकावं?

मी गेली सव्वीस वर्षं पुण्यात पोळी-भाजी केंद्र चालवते. रोज सव्वाशे ते दीडशे डबे जातात आणि प्रत्येकात कोशिंबिरीची छोटी डबी असते. पहिली दोन वर्षं ती डबी निम्मी खाऊन परत यायची. हल्ली चाटूनपुसून येते. मधल्या काळात जे कळलं ते सांगते.

तुमचे प्रश्न चार असले तरी दुखणं एकच आहे. तुम्ही सगळ्या भाज्या एकाच मापाच्या चिरताय, आणि ताटात वाढायची कोशिंबीर व डब्यातली कोशिंबीर एकच समजताय. आमच्याकडे नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी एवढंच सांगते: कडक ते बारीक, मऊ ते मोठं, ताटातलं बारीक, डब्यातलं मोठं. गाजर आणि बीट तुरीच्या दाण्याएवढं. काकडी भिजलेल्या हरभऱ्याएवढी. टोमॅटो भिजलेल्या छोल्याएवढा. कांदा गाजराच्या जवळपास. म्हणजे साधारण पाच मिलिमीटरपासून बारा-तेरा मिलिमीटरपर्यंत. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला एक मुलगा काही महिने आमच्याकडे होता, तो ब्रुनुआझ म्हणजे तीन मिलिमीटर वगैरे फ्रेंच मापं सांगायचा. मापं बरोबरच आहेत, पण मिलिमीटर म्हटलं की बायकांचा हात आखडतो, हरभरा म्हटलं की चालतो.

ही मापं वेगळी का, ते घास तोंडात गेल्यावर कळतं. गाजराचा हरभऱ्याएवढा तुकडा काकडीबरोबर चावला तर काकडी संपते आणि गाजर दाताखाली राहतं. मग शेवटचे दोन-तीन चावे नुसत्या गाजराचे. गाजर बारीक केलं की दोन्ही एकदमच संपतात आणि घासाला एक चव येते. टोमॅटोचं उलट. तो बारीक केला की त्याचा रस्सा होतो, फोड उरतच नाही.

आता पाण्याचं. काकडीत शंभर ग्रॅमला जवळजवळ पंचाण्णव ग्रॅम पाणीच असतं. ते पेशींत नीट कोंडलेलं असतं. सुरी फिरली की कापाच्या कडेच्या पेशी फुटतात आणि वर मीठ पडलं की आतलं पाणीही बाहेर ओढलं जातं. तुकडा जितका लहान तितक्या कडा जास्त. हिशेब करून बघा: चोवीस मिलिमीटरचा एक चौकोनी तुकडा घ्या. त्याचे सहा मिलिमीटरचे तुकडे केले तर चौसष्ट होतात, आणि उघडा पृष्ठभाग चौपट होतो. मीठ-लिंबू आत शिरायला चौपट दारं, तशीच पाणी बाहेर पडायलाही चौपट. म्हणून बारीक चिरलेली कोशिंबीर लगेच खाल्ली तर जास्त चवदार लागते आणि चार तासांनी जास्त पचपचीत होते. किसणीत तर पेशी कापल्या कमी आणि फाडल्या जास्त जातात, त्यामुळे किसलेली काकडी भांड्यातच रडायला लागते. डब्यासाठी किसायचं असेल तर फक्त गाजर आणि बीट. काकडी नाही.

हे मी फजिती होऊन शिकले. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी एका मुंजीची ऑर्डर होती, तीनशे पानांची. मी हौसेनं काकडी-टोमॅटो अगदी तुरीएवढे चिरून घेतले, सकाळी नऊलाच मीठ-साखर-लिंबू घालून कालवून ठेवलं. पंगत बसायला साडेबारा झाले. वाढायला गेलेला मुलगा परत येऊन विचारतो, "काकू, कोशिंबीर वाटीत वाढायची का?" पातेल्यात खाली चार बोटं पाणी होतं. आम्ही ते निथळून काढलं, त्याबरोबर मीठ, साखर, लिंबू सगळं गेलं, आणि जे उरलं ते रबरासारखं लागत होतं. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात कोशिंबिरीत मीठ घालायचा हक्क एकाच माणसाला, तोही वाढायच्या दहा मिनिटं आधी.

डब्यासाठी त्याचाच पुढचा उपाय म्हणजे मीठ बाहेर ठेवा. चिरलेलं सगळं कोरडं, बिनमिठाचं द्या आणि बरोबर बटर पेपरची चिमूटभर पुडी: मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हवी तर किंचित पिठीसाखर. लिंबाची एक फोड. खाणाऱ्यानं डबा उघडून कालवायचं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नवरेमंडळी पहिले चार दिवस कुरकुर करतात, मग सवय होते.

पुडी नकोच असेल तर कूट. दाण्याचं कूट कोशिंबिरीत नुसतं चवीला नसतं, ते सुटलेलं पाणी पिऊन घेतं आणि फोडींना चिकटून बसतं. दोन काकड्यांना दोन मोठे चमचे भरड कूट. पीठ करू नका, नाहीतर लगदा होतो. तासभर भिजवून निथळलेली मूगडाळही हेच काम करते. आणि फोडणी मिठाच्या आधी घाला. तेलाचा किंवा तुपाचा हलका थर फोडींवर बसला की मीठ जरा उशिरा लागतं. डाव्या हातानं फोडणी ओतून उजव्या हातानं लगेच मीठ टाकायची घाई करू नका, आधी नीट हलवून घ्या.

दह्यातली कोशिंबीर वेगळी. तिथे मी मुद्दाम उलट करते. काकडीला आधी मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवते, हलक्या हातानं दाबते आणि मगच दह्यात घालते. दही पातळ होत नाही. निघालेलं पाणी फेकू नका, थालीपिठाच्या पिठात जातं. त्या पिठाला मग वेगळं मीठ घालताना हात आवरा.

चिरायला लागणाऱ्या वेळाचा संबंध हाताच्या चपळाईशी कमी आणि मांडणीशी जास्त आहे. पाटाखाली ओलं फडकं घाला. पाट हलत असेल तर जगातली कुठलीही सुरी उपयोगाची नाही. सुरी सहा-सात इंची पात्याची, धारदार. बोथट सुरी सुरक्षित वाटते पण बोटं तीच कापते, कारण टोमॅटोच्या सालीवरून ती घसरते आणि आपण जोर लावलेला असतो. सायकलवरचा धार लावणारा हल्ली क्वचित येतो. आला नाही तर चिनीमातीचा कप उपडा करा, बुडाची जी खरखरीत बिनचकाकीची कड असते तिच्यावर सुरी दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा ओढा. आठवडाभर निभतं.

काकडी घेतली की आधी देठाकडचं बोटभर कापून एक चकती चाखायची. डोकं कापून घासून फेस काढतात, त्यानं कडूपणा जातो यावर माझा विश्वास नाही. कडूपणा देठाकडे जास्त असतो, त्यामुळे तो भाग कापून टाकल्यानंच काम होतं आणि श्रेय घासण्याला मिळतं. पुढची चकतीही कडूजहर लागली तर अख्खी काकडी टाकून द्या. दुधीच्या बाबतीत तर हे नक्कीच पाळा. कडू दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडली आहेत, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीनं त्याबद्दल इशारा दिलेला आहे. काकडी-दुधी चिरण्याआधी चाखायला दोन सेकंद लागतात.

मग काकडीचे आडवे तीन तुकडे करा, प्रत्येक साधारण चार बोटं लांब. लांबच्या लांब काकडी चिरायला गेलात की ती पाटावर लोळते आणि फोडी तिरक्या होतात. तुमच्या लहानमोठ्या फोडींचं कारण बहुतेक हेच. तुकड्याच्या एका बाजूनं उभी पातळ साल-पट्टी काढा, म्हणजे त्याला बैठक येईल. त्या बैठकीवर तो ठेवा आणि उभे जाड काप काढा, हरभऱ्याच्या जाडीचे. दोन-तीन काप एकावर एक रचून त्यांच्या उभ्या काड्या करा. काड्या जुळवून, धरणाऱ्या हाताची नखं आत वळवून, बोटांच्या पेराला सुरीचं पातं टेकवत आडवं चिरत जा. सुरी वर-खाली आपटायची नाही, टोक पाटावरच ठेवून मागून पुढे ढकलायची. चार दिवसांत एक काकडी मिनिटाच्या आत होते. गाजरालाही हीच रीत, फक्त मधला पिवळसर दांडा कडक असेल तर काढून टाका.

पण एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. खमंग काकडी करायची असेल तर हे चौकोन विसरा. तिथे काकडी चोचवायची. माझी आई सोललेली काकडी डाव्या तळहातावर उभी धरायची, उजव्या हातातल्या सुरीनं वरच्या तोंडावर टकटकटक उभे-आडवे घाव घालायची, काकडी फिरवत फिरवत, आणि मग सुरी आडवी करून वरचा बोटाच्या पेराएवढा थर कापून परातीत पाडायची. पुन्हा घाव, पुन्हा थर. पाट नाही, चकत्या नाहीत. त्यातून निघतात त्या फोडी कुणी लांबट, कुणी चुरा, कुणी तिकोनी. म्हणून कूट, खोबरं, साखर त्यांना धरून बसतं आणि प्रत्येक घास किंचित वेगळा लागतो. डायसरमधून काढलेल्या एकसारख्या चौकोनांची खमंग काकडी मला हॉटेलातल्यासारखी लागते. नावं ठेवत नाही, पण उपासाला मी ती करणार नाही.

कांदा: शेंडी कापा, मुळाकडचं बूड ठेवा. उभा अर्धा करून, सपाट बाजू खाली ठेवून बुडापर्यंत न पोचणारे उभे काप द्या, मग आडवं चिरा. बूड शाबूत असल्यामुळे पाकळ्या सुट्या होत नाहीत आणि तुकडे आपोआप चौकोनी पडतात, कांद्याला निसर्गानंच थर दिलेले आहेत. डोळ्यांतून पाणी येतं ते पेशी फुटून दोन द्रव्यं एकत्र आल्यावर तयार होणाऱ्या वायूमुळे. त्यामागचं खास विकर, म्हणजे एन्झाइम, जपानी संशोधकांनी २००२ साली शोधलं. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच की धारदार सुरी पेशी कमी चिरडते, आणि कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला तर ती क्रिया मंदावते. कच्चा कांदा फार उग्र असेल तर चिरून बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं, मग निथळून कोरडा.

टोमॅटो ताटात वाढणार असाल तर सगळा चिरा, बियांच्या गरासकट. आंबटपणा आणि चव त्या गरातच जास्त आहे. डब्यात द्यायचा असेल तर चार फाका करून गर चमच्यानं काढा, तो आमटीत किंवा साराला घाला, आणि उरलेल्या भिंतीच्या फोडी करा. तळाच्या पाण्यातला निम्मा वाटा एकट्या टोमॅटोचा असतो. पारशी कचुंबर किंवा इराणी शिराझी सालादमध्ये हाच टोमॅटो-काकडी-कांदा असतो, पण ती लगोलग खायची, आणि तिचा सुटलेला आंबट रस भाताशी मुरवायचा. धनसाकबरोबर ते छान जमतं. डब्यातल्या पोळीशी नाही.

सासूबाईंचं म्हणणं. अर्धं बरोबर आहे. चिरल्यावर क जीवनसत्त्व हवेशी येऊन हळूहळू कमी होतं, आणि ते पाण्यात विरघळतं. त्यामुळे सर्वांत मोठं नुकसान रात्री चिरण्यानं होत नाही, चिरून मग धुण्यानं होतं. कोबी-पालक बारीक चिरून पाण्यात खळबळून घेणारी घरं मी खूप पाहिली आहेत. आधी धुवा, पुसा, मग चिरा. एका रात्रीत फ्रिजमधल्या घट्ट डब्यात थोडं सत्त्व जातं, हे खरं. पण सकाळी वेळ नाही म्हणून कोशिंबीरच रद्द होत असेल तर सगळंच जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली काढलेल्या आहारसूचनांत मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. आपल्या घरांत पळीभर भाजी आणि दोन चकत्या काकडी यांनी तो आकडा गाठला जात नाही. थोड्याफार जीवनसत्त्वावर वाद घालण्याआधी वाटी भरू द्या.

रात्री काय चिरायचं? माझा अनुभव: गाजर, बीट, कोबी दोन-तीन दिवस टिकतात, डब्यात खाली कोरडं फडकं किंवा टिश्यू घालून. बीट वेगळं ठेवा, नाहीतर सकाळी सगळं गुलाबी. ढोबळी मिरची दोन दिवस, बिया-शिरा काढून. काकडी फार तर आदल्या रात्रीची, मोठ्या फोडींत. कांदा चिरून ठेवू नका, फ्रिजभर वास आणि चवीला उग्र. टोमॅटो आणि कोथिंबीर सकाळीच. म्हणजे रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी कडक भाज्यांची पंधरा-पंधरा मिनिटं, आणि रोज सकाळी काकडी-टोमॅटोची पाच. तुमची वीस-पंचवीस मिनिटं इथेच वाचतात.

चिरलेलं मात्र ओट्यावर ठेवू नका. पाच अंशांच्या खाली फ्रिजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर शक्यतो दोन तासांत पोटात. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. डबा साडेआठला निघून एकला उघडत असेल तर एप्रिल-मेमध्ये मी चिरलेली कोशिंबीर देतच नाही. अख्खी काकडी, अख्खं गाजर, धुऊन पुसून. आणि मोड आलेल्या कच्च्या मुगाच्या बाबतीत तर मी फारच कडक आहे, पाच मिनिटं वाफ दिल्याशिवाय डब्यात नाही.

सफरचंद, पेरू, केळं घालणार असाल तर चिरल्याबरोबर लिंबाचा रस चोळा. काळं पडतं ते हवेमुळे आणि फळातल्या विकरामुळे. आंबटपणात ते विकर सुस्तावतं. वांग्या-बटाट्याच्या फोडी आपण पाण्यात टाकतो ते हवा तोडण्यासाठी. बटाटे तासन्‌तास पाण्यात ठेवले तर क जीवनसत्त्व त्या पाण्यात उतरतं, म्हणून फोडणी तयार असतानाच चिरा.

चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर नियम बदलतात. कच्च्या गाजराचा कडक चौकोन लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. गाजर किसा किंवा बोटानं चिरडेल इतकं वाफवा. द्राक्षं अख्खी नाहीत, आडवी अर्धी करूनही नाहीत. उभे चार भाग. सासूबाईंना दातांचा त्रास असेल तर त्यांची काकडी चोचवूनच द्या, आवडेलही आणि तक्रारही थोडी कमी होईल.

राहिला डायसर. दोरी ओढायचा जो गोल चॉपर मिळतो तो कोशिंबिरीला घेऊ नका. तो चिरत नाही, झोडपतो. वरच्या फोडी मोठ्या, खालचा चुरा, आणि काकडीचं पाणी तिथेच. मिरची-आलं-लसूण किंवा भाजीच्या वाटणाचा कांदा यासाठी ठीक. वरून दाबायचा जाळीचा डायसर काकडी, बटाटा, बीट उकडलेलं, घट्ट पेरू यांना चांगला. कच्च्या गाजराला दाबताना पाती वाकतात, टोमॅटो तर जाळीवरच चेंगरतो. चार माणसांच्या घरात तुम्हाला त्यानं रोज तीन मिनिटं वाचतील आणि धुण्यात दोन जातील. पंचवीस पाहुणे येणार असतील तेव्हा तो मोलाचा. घेतलात तर सहा-आठ मिलिमीटरची जाळी घ्या, पाती स्टीलची आणि सुटी होणारी, आणि वापरल्याबरोबर नळाखाली धरा. काकडीच्या बिया जाळीत वाळल्या की ब्रशनंही निघत नाहीत, आम्ही खराट्याची हिराची काडी त्यासाठी वेगळी धुऊन ठेवलेली आहे.